आडनावाला रक्तगट नसतो

माझ्याकडे कुणी आडनावाचं मूळ शोधायला आलं, की मी आधी विचारते, तुमच्या घरात जमिनीवरून भांडण कधी झालं होतं? काहींना याचा राग येतो. आमचं घराणं तसलं नाही, असं ताडकन ऐकवतात. मग समजावून सांगावं लागतं, की भांडण झालं नसेल तर पूर्वजांचा कागदही फारसा मिळायचा नाही. सुखाने नांदणाऱ्या माणसाची वंशावळ जुन्या काळी कुणी लिहून ठेवत नव्हतं.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. मोडी मी तिथेच शिकले, सेवानिवृत्तीला टेकलेल्या एका सर्कलच्या हाताखाली. आता घरी बसून लोकांचे कागद वाचून देते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या ओसरीवर रीघ लागली. ज्या पोरांच्या कानावर मोडी हा शब्द कधी पडला नव्हता, ती कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो मोबाइलवर मोठे करून दाखवायला लागली. यात राजकारण किती आणि गरज किती हा वाद बाजूला ठेवते. आपल्याच पणजोबांचं नाव आपल्याला वाचता येत नाही, याची बोच इतक्या माणसांना एकदम लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ते बरं वाटलं.

अलीकडे मात्र वेगळे पाहुणे येतात. यांच्या हातात मोडीचा कागद नसतो, पीडीएफ असते. मुलगा-सून अमेरिकेत, कुणीतरी डीएनए चाचणीचं खोकं भेट दिलेलं, नळीत लाळ भरून पाठवलेली आणि काही आठवड्यांनी उत्तर आलेलं: इतके टक्के दक्षिण आशिया, पितृवंशाचं अक्षर अमुक, जुळणारी माणसं तमुक. आता या रिपोर्टाची आणि आडनावाची सांगड घालून द्या, म्हणतात. म्हणजे आपण मूळचे कोण ते एकदाचं पक्कं होईल.

माझं म्हणणं, ते तसं पक्कं होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. आपल्याकडचं आडनाव हा हक्काचा कागद आहे. गावावरचा हक्क, वतनावरचा हक्क, जत्रेतल्या मानाचा हक्क. त्याच्याकडे रक्ताची साक्ष मागणं म्हणजे सातबाऱ्यावर रक्तगट शोधण्यासारखं आहे.

कागदांपासून सांगते. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. घराण्यांचा इतिहास त्यात आहे, पण तो बहुतेक वेळा करीन्यांत आणि महजरांत, म्हणजे निवाडपत्रांत, आहे. करीना म्हणजे वतनाच्या वादात एका बाजूने मांडलेली हकिगत. आमचा मूळ पुरुष अमका, त्याला तीन लेक, थोरल्याकडे वतन, धाकट्याने बळजोरी केली, अशी ती सुरू होते. समोरचा तोच मूळ पुरुष घेतो आणि लेकांची नावं उलटीसुलटी करतो. मग गोतसभा बसते, साक्षी होतात, निवाडा होतो. जिंकलेल्याची वंशावळ आपल्यापर्यंत येते. हरलेल्याचीही येते, त्याने दुसऱ्या थळाकडे, म्हणजे दुसऱ्या न्यायसभेकडे, दाद मागितली असेल तर. पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा पुन्हा घरोघर वंशावळी तयार झाल्या. जिथे जमीन जायची भीती, तिथे माणूस आठवणीवर विसंबत नाही, तिला थोडा आकार देतो. म्हणून वंशावळ हाती आली की मी आधी तारीख बघते, मग ती कुणापुढे दाखल केली ते बघते, आणि नावं सगळ्यात शेवटी वाचते.

गावपातळीवर उतरलं की आणखी गंमत. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. बापाचं नाव असतं, जात असते, मुलगा की मुलगी ते असतं. आडनाव पुष्कळदा नसतंच. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, आडनावावाचून कुणाचं अडत नव्हतं. अडायला लागलं शाळेत, पलटणीत, मुंबईच्या गिरणीत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये गुरुजींनी बापाला विचारलं आणि बाप जे बोलला ते लिहिलं. एकाच आजोबांची नातवंडं दोन गावांच्या शाळांत गेली, आणि एक पाटील झाला, दुसऱ्याच्या गावाला ‘कर’ चिकटला, अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी सरसकट एक जून लावत, यावर आपण हसतो. आडनावांनाही त्यांनी असाच हात लावलेला आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

आमचंच घ्या. माझं सासरचं आडनाव कुलकर्णी. गावचं दप्तर सांभाळणाऱ्याचं ते वतन. १ मे १९५१ पासून ते कायद्याने संपलं, दप्तर तलाठ्याकडे गेलं, आडनाव आमच्याकडे राहिलं. दोन कुलकर्णी भेटले तर आधी गाव विचारतात, नातं कुणी गृहीत धरत नाही. पाटलांचं तर विचारूच नका. पाटील मराठा आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, आगरी आहेत, मुसलमान आहेत. तरीही ‘पाटील आडनावाचा मूळ पुरुष’ शोधू पाहणारा एक इंजिनिअर माझ्याकडे येऊन गेला. चहा दिला आणि पाठवला.

कचेरीबाहेर दोन जागा अशा आहेत, जिथे पिढ्यांची नावं वाद नसतानाही टिकली. एक तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार, कुठेही जा. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी आपल्या यजमानांची वही काढतात, आणि नशिबात असेल तर पणजोबांनी स्वहस्ते केलेली सही समोर येते. याची किंमत आपल्याआधी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांना कळली. त्यांच्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वार आणि इतर तीर्थांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. दुसरी जागा हेळवी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात बैलावर बसून दारात येणारे, तुमच्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारे आणि नवीन जन्मलेल्यांची नावं टिपून घेणारे हे लोक. माझ्या माहेरी हेळवी यायचा. आजी त्याला सुपातून जोंधळे घालायची आणि सुनांची नावंही लिहून घे म्हणून भांडायची.

हद्दींचंही एक सांगून टाकते, कारण त्यात फार माणसं चकतात. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मध्ये सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांची गावं विखुरलेली. पणजोबांचा कागद हवा असेल तर ते गाव तेव्हा कुणाच्या अमलात होतं हे आधी काढावं लागतं. तेवढं झालं की अर्धं काम झालं.

आता डीएनएकडे येते. मी शास्त्रज्ञ नाही, पुतण्यापायी हे सगळं वाचावं लागलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आडनावही बापाकडून मुलाकडे जातं. म्हणून जिथे आडनावं कित्येक शतकं एका ओळीत चालत आली, तिथे दोहोंचा ताळा घालून बघता येतो. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या, एकमेकांशी नातं ठाऊक नसलेल्या ४८ पुरुषांची तपासणी केली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ निम्म्यांचा वाय सारखा निघाला, म्हणजे त्या आडनावाला बहुधा एकच मूळ पुरुष असावा. या अभ्यासाचा गवगवा झाला. मला मात्र उरलेले निम्मे महत्त्वाचे वाटतात. त्यांच्या ओळीत कुठेतरी कुणी सांभाळलेलं मूल असेल, कुठे आईचं आडनाव लावलेलं असेल, कुठे घरातल्या कुणी न बोललेली गोष्ट असेल. पण ते निम्मे लोकही साइक्सच आहेत. त्यांना कुणी आडनाव परत करायला सांगितलं नाही.

पुतण्या नॉर्थ कॅरोलिनात असतो. हुशार आहे, जरा उतावीळ. त्याने ३७ खुणांची वाय चाचणी करून घेतली. पितृवंशाचं अक्षर आलं एच. ब्राह्मणांचा आर-१ए असतो, असं त्याने कुठेतरी वाचून ठेवलेलं. त्यात जुळणाऱ्या माणसांच्या यादीत एकही कुलकर्णी नाही. सगळ्यात जवळचा निघाला तो कऱ्हाडकडचा एक जोशी. इथे पहाट व्हायची होती तेव्हा त्याचा फोन. ‘काकू, आपण कुलकर्णी आहोत ना नक्की?’

अक्षरांचं उत्तर सोपं होतं. आर-१ए ब्राह्मणांत पुष्कळ सापडतो हे खरं, पण तो आंध्रातल्या चेंचू आदिवासींतही सापडला आहे. एच हा या उपखंडातला जुना वंश, ब्राह्मणांसकट अनेक जातीजमातींत पसरलेला. जात सांगणारं अक्षर कुठल्याही प्रयोगशाळेजवळ नाही. हे वंश हजारो वर्षांचे, आपली आडनावं त्यामानाने कालपरवाची. शिवाय पितृवंश म्हणजे आपल्यातला किती भाग? शिवकाळ बारा पिढ्या मागे धरला, तर त्या पिढीत आपले ४,०९६ पूर्वज बसतात. मामेबहिणीशी लग्न करायची आपली चाल धरली तर तीच माणसं पुन्हा पुन्हा येणार आणि आकडा कमी होणार, तरी तो मोठाच राहील. त्यातल्या फक्त एका पुरुषाचा वाय पुतण्याकडे आला आहे. बाकीच्यांबद्दल ही चाचणी अवाक्षर काढत नाही.

सगळ्या गुणसूत्रांची चाचणी असते, ती आईबाप दोघांकडचं बघते. पण तिच्यातही आपल्याला एक अडचण येते. आपण पिढ्यानपिढ्या जातीत, त्यातही पोटजातीत लग्नं केली. त्यामुळे दोन अनोळखी देशस्थांचे किंवा दोन अनोळखी कोकणस्थांचे डीएनएचे तुकडे चारी बाजूंनी थोडे थोडे जुळतात, आणि संगणक त्यांना जवळचे चुलत ठरवून मोकळा होतो. शिवाय चाचणी केलेल्यांत गोऱ्या लोकांचा भरणा जास्त, आपली माणसं थोडी. यादीत नाव नाही याचा अर्थ नातलग नाही असा होत नाही. नातलगाने अजून खोकं विकत घेतलेलं नाही, इतकाच होतो.

जोश्यांचं उत्तर मात्र माझ्या ट्रंकेत होतं. पुतण्याचे पणजोबा दत्तक होते. घरात हे कुणी लपवलेलं नव्हतं, शहरात वाढलेल्या पोरांना कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं एवढंच. मूल नाही, वतन उघडं पडतंय, म्हणून पलीकडच्या गावच्या जोश्यांचा धाकटा मुलगा मांडीवर घेतला. दत्तहोम झाला, गोत्र बदललं, पाळण्यातलं नावसुद्धा बदललं. स्टॅम्पाच्या कागदावर मोडीत लिहिलेलं दत्तकपत्र आहे, खाली पाटलाची साक्ष आहे आणि जन्मदात्या बापाची सही आहे. सही करताना त्याचा हात थांबला असावा. एका अक्षरावर शाईचा डाग पडलेला आहे. किंवा टाकच वाईट असेल. रेकॉर्ड रूममध्ये राहून माणूस डागांतही अर्थ शोधायला लागतो.

तेव्हा चाचणी खोटी नव्हती, हे मी कबूल करते. तिने जोश्यांकडे बोट दाखवलं ते बरोबर दाखवलं. पण ३७ खुणा जुळल्या म्हणजे समान पूर्वज चार पिढ्यांमागचा की चारशे वर्षांमागचा, हे ती नेमकं सांगू शकत नव्हती. ते सांगितलं दत्तकपत्राने. कागद नसता तर पुतण्याने घरातल्या एखाद्या बिचाऱ्या पणजीवर संशय घेतला असता, आणि तिला उत्तर द्यायला कोण येणार होतं?

तो म्हणाला, ‘म्हणजे आपण खरे कुलकर्णी नाही.’

मी म्हटलं, डलहौसी झालास की रे! साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक त्याने मानला नाही आणि १८४८ मध्ये राज्य खालसा केलं. झाशीचं १८५४ मध्ये तेच. आपण याला अन्याय म्हणतो, पोरांना शाळेत तसंच शिकवतो. दत्तक हा मुलगाच, ही आपली बाजू होती. राजर्षी शाहू १८७४ मध्ये कागलच्या घाटग्यांच्या घरी जन्मले, यशवंतराव नावाने. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले. त्यांना छत्रपती भोसले मानायला कुणी रक्त तपासायला बसलं नाही. सयाजीराव गायकवाड नाशिककडच्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेले. ते गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतले. म्हणजे या दोघांची वाय चाचणी केली असती, तर सयाजीरावांची कदाचित घराण्याशी जुळली असती आणि शाहू महाराजांची जुळली नसती. या फरकाने दोघांच्या कारभारात काय फरक पडला, ते मला कुणीतरी सांगावं.

कायदासुद्धा रक्तामागे इतका धावत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं ११२ वं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६ वं, म्हणतं की विवाह चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानायचं. दोघांचा संबंध येणंच शक्य नव्हतं असं दाखवलं तरच गोष्ट वेगळी. डीएनए चाचणी ऊठसूट मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी बजावलं आहे. अमुक माणूस अमक्याचा मुलगा, हे ठरवताना विज्ञानाच्या आधी पोराची अब्रू बघायची, असा त्यातला शहाणपणा मला दिसतो.

आडनाव, कागद आणि रक्त या तिघांची फारकत बघायची असेल तर अलिबागजवळ नवगावला जाऊन या. बेने इस्रायली मंडळींचं जुनं दफनस्थान तिथे आहे. त्यांची परंपरा सांगते, की जहाज फुटलं, सात जोडपी किनाऱ्याला लागली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर. एकजात रायगडातली गावं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये जमातीचा इतिहास लिहून ठेवला, तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. पुढे बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला फर्मान काढलं, की यांची लग्नं लावण्याआधी आई, आजी, त्यामागच्या बायका खरोखर ज्यू होत्या का ते तपासा. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून चालतो. पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळलेली, मराठीत कीर्तनं केलेली ही माणसं या अपमानाने पेटून उठली, निदर्शनं झाली, १९६४ मध्ये सरकारला आणि संसदेला मध्ये पडावं लागलं आणि ते संपूर्ण ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं.

आणि मग २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात त्यांच्या जनुकांचा अभ्यास आला. मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं स्पष्ट होतं, भारतीय वारसाही मोठा होता. ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. ज्यू वारसा बहुतांशी पुरुषांकडून आलेला, भारतीय वारसा बहुतांशी बायकांकडून. म्हणजे आडनाव रोह्याचं, पितृवंश मध्यपूर्वेचा, आज्या-पणज्या बहुतेक इथल्याच. हाच अहवाल साठच्या दशकात धर्मपीठाच्या टेबलावर असता तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. प्रयोगशाळेने जमातीची परंपरा निम्मी खरी ठरवली म्हणून ज्यांना आनंद झाला, त्यांनी उरलेल्या निम्म्याचाही विचार करावा. त्या बायकांनी तो धर्म शेकडो वर्षं चुलीपाशी सांभाळला. त्यांना रक्ताचा दाखला मागण्याचा अधिकार कुणाला आहे?

गोव्यातही हेच, वेगळ्या वाटेने. धर्मांतर केलेल्यांना पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळालं. घरातला एक भाऊ ख्रिस्ती झाला, दुसरा सीमा ओलांडून गेला, तर वाय एकच आणि आडनावं दोन. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटियांचं तर पुढे बापाचं किंवा स्वतःचं नावच आडनाव होऊन बसलं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत, त्यांत बापाचं नाव, गाव, उंचीसुद्धा लिहिलेली सापडते. रत्नागिरीतलं एखादं गाव त्या वहीवरून मिळतं. लाळेवरून गाव मिळत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर माझी मुख्य तक्रार मांडते. जुने कुलवृत्तांत काढून बघा. मुलगी लग्न होऊन गेली की पुष्कळ ठिकाणी तिची ओळ तिथेच संपते. सून येते ती नुसत्या सासरच्या नावाने, ‘कोण्या जोश्यांची कन्या’ म्हणून. वाय चाचणी नेमकं हेच करते, फक्त पैसे जास्त घेते. बापाचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. बाकी सगळे गायब. आधुनिक म्हणून ज्याचं कौतुक करायचं, ते आपल्या जुन्या खोडीला प्रमाणपत्र देऊन मोकळं होतं.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला. तो त्याचाच, हे ठरवायला दोन्ही बाजूंनी चाचण्या झाल्या. राजाच्या बहिणीची मुलगी, तिची मुलगी अशी नुसती आईची ओळ धरत सतराएक पिढ्या खाली आल्यावर लंडनमध्ये फर्निचर बनवणारा एक गृहस्थ सापडला, आणि त्याचा मातृवंश सांगाड्याशी जुळला. पितृवंशाचे, सरदारघराण्यातले म्हणून शोधलेले पुरुष मात्र जुळले नाहीत. मधल्या कुठल्यातरी पिढीत ओळ तुटलेली होती. राजाची ओळख पटली ती, जिच्याकडून आडनाव पुढे जात नाही, त्या ओळीवरून.

आपल्याकडे आईची ओळ कागदावर कशी शोधायची, हे मला पुष्कळ जणी विचारतात. उत्तर जरा कडू आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर, त्याहून जास्त महाराष्ट्राच्या १९९४ च्या आणि देशाच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, वारसाच्या फेरफारात मुलींची नावं यायला लागली. आणि पुष्कळदा लगेच पुढच्याच फेरफारात त्याच नावांना कंस पडतो, कारण बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं. भावाने साडी घेतलेली असते, कचेरीच्या आवारात वडापाव खाल्लेला असतो. मी अशा नोंदी लिहिल्या आहेत. पण त्या हक्कसोडपत्रावर प्रत्येकीचं पूर्ण नाव असतं, नवऱ्याचं नाव, वय, सासरचं गाव, सही किंवा अंगठा, अलीकडे फोटोही. घराण्याच्या वंशावळीत जिला जागा नव्हती, तिची इतकी तपशीलवार नोंद घेतली गेली ती तिने जमीन सोडली त्या दिवशी. तेव्हा आत्या-आज्यांचा शोध घ्यायचा असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून सुरुवात करा.

एक धोक्याची गोष्ट घाईघाईनेच सांगते, कारण तिच्यावर बरंच छापून आलं आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुम्ही नळीत लाळ भरता, तेव्हा चुलत्याची, भाच्याची, जन्माला न आलेल्या नातवाचीही थोडी माहिती पाठवता. सातबाऱ्यावर चुलत्याच्या हिश्शाला हात लावायचा तर त्याची सही लागते. इथे कुणालाच विचारावं लागत नाही, हे मला पटत नाही.

मग चाचणी करूच नये का? करा. पण आधी घरातली ट्रंक उघडा, जुना फेरफार काढा, शाळेचं जनरल रजिस्टर बघा, नाशिकच्या गुरुजींची वही बघा, आणि म्हाताऱ्या आत्याला फोन करा. ती आधी करा, कारण कागद थांबतील. सरकारलाही एक मागणं आहे. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गठ्ठेच्या गठ्ठे तपासले गेले, अनेक जिल्ह्यांनी नोंदी संकेतस्थळांवर टाकल्या. एका जातीचा शोध संपला म्हणून ते काम बंद करू नका. मोडी वाचणाऱ्या पोरांना नीट पगारावर घ्या, आणि सूची करताना बायकांच्या नावांचीही करा.

पुतण्या आता संगणकावर घराण्याचं झाड तयार करतो आहे. मी त्याला दत्तकपत्राची लिप्यंतर केलेली प्रत पाठवली, सोबत अट घातली, की पणजोबांखाली कुलकर्ण्यांची ओळ जशी येईल तशीच वर जोश्यांचीही यायला हवी, आणि दोन्हीकडच्या लेकी नवऱ्यांच्या नावामागे लपवायच्या नाहीत. त्याने सॉफ्टवेअर चाळून बघितलं. एका माणसाला दोन बाप देता येतात म्हणाला, जन्माचा वेगळा आणि दत्तकाचा वेगळा. अडलंय ते पणजीच्या माहेरच्या नावाशी. ते कुणालाच आठवत नाही, म्हणून येत्या श्रावणात मी त्र्यंबकला जाणार आहे.